डाव्या कोपऱ्यातली सावली

थांबा, टाळ्या नकोत. मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही, टाळ्या कसल्या वाजवताय? आणि सोर अत्तिलिओ, तुम्ही असे अर्धवट उठू नका, बसा. तुम्ही लिहून दिलेला कागद हरवलेला नाहीये. हा बघा, माझ्याच हातात आहे. फक्त मी तो वाचणार नाहीये. त्यात तिसऱ्याच ओळीत 'प्रकाशाचे पुजारी' असं आहे, आणि ते म्हणताना मला हसू येतं. काल शाळेत रिकाम्या बाकांसमोर म्हणून बघितलं, तेव्हाही आलं.

बोलायला मला तुम्हीच सांगितलंत ना? 'इझोलिना, तू मास्तरीण, तुला चार शब्द नीट जुळवता येतात, शिवाय तू त्यांच्या घरातल्यासारखी.' बरोबर आहे. मग घरातल्यासारखंच बोलते.

पण आधी रीत. आईनं बजावून पाठवलंय, काय बोलायचं ते बोल, पण रीत मोडू नकोस.

तर. आजच्या समारंभाचे अध्यक्ष, मोंतेसाल्चोचे नगराध्यक्ष माननीय सोर अत्तिलिओ फान्ती. आपल्या तिन्ही बाजूंच्या जमिनीचे मालक आणि चौथ्या बाजूच्या जमिनीचे दावेदार, माननीय काउंट लान्फ्रांको. आपल्या गायरानाच्या दाव्याची चौकशी करायला थेट रोमहून आलेले अधिकारी, आदरणीय सिन्योर तेरेन्झिओ. आजचे सत्कारमूर्ती, फ्लॉरेन्सच्या प्रदर्शनातले सुवर्णपदकाचे मानकरी, बारा वसंत आमच्या गावचे पाहुणे, चित्रकार सोर ओरेस्ते बाल्दाच्ची. आणि समोर जमलेल्या सज्जनहो. नुसतं सज्जनहो म्हणते, कारण बायकांच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. अध्यक्षांनी मघाशी मला विचारलं, या गेल्या कुठे सगळ्या? मी म्हटलं, कामात आहेत. आहेतच कामात.

आणि हो, व्यासपीठावर आणखी एक पाहुणे आहेत. ते माझ्या मागे भिंतीवर टांगलेत. 'निर्जन सायंकाळ'. पदक यांनाच मिळालं. काउंटसाहेबांनी यांना विकत घेतलंय, आज फक्त समारंभापुरते उसने आणलेत, उद्या हवेलीत जाणार. यांना ऊन लागू नये म्हणून अध्यक्षांनी सकाळपासून दोन्ही बाजूंच्या खिडक्यांच्या झडपा लावून ठेवल्यात, आणि आपण भर दिवसा दिवे पेटवून बसलोय. उजेडाचं चित्र, उजेडापासून जपलेलं. हसू नका हो, उन्हानं रंग उडतात. हे मला सोर ओरेस्तेंनीच शिकवलंय.

मला घाई नाहीये. मागच्या दारातून येणारी उन्हाची तिरीप अजून शेवटच्या बाकापर्यंतच पोचलीय. म्हणजे वेळ आहे.

सत्कारमूर्तींची ओळख करून द्यायची असते. इथं ओळख करून द्यायला अनोळखी आहे कोण? फक्त सिन्योर तेरेन्झिओ. म्हणून तुमच्यासाठी सांगते, साहेब. बाकीच्यांनी हवं तर डुलकी काढा. नान्नीकाका, तुम्ही आधीच काढताय, चालू द्या.

सोर ओरेस्ते पहिल्यांदा आले तेव्हा मी दारात बसून शेंगा सोलत होते. आई उंबऱ्यावर बसून टोपीसाठी गव्हाच्या काड्यांची वेणी विणत होती. बारीक काम, डोळे फुटतात. हे आले, पाठीवर पेटी, काखेत ती प्रसिद्ध पांढरी छत्री, आणि नेमके आईच्या समोर उभे राहिले. 'बाई, इथं राहायला खोली मिळेल का?' आई वर न बघता म्हणाली, 'खोली मिळेल, पण आधी माझ्या उजेडातून बाजूला व्हा.'

हे इतके ओशाळले! दोन उड्या मारून रस्त्याच्या पलीकडे. तिथून ओरडून विचारतात, 'आता ठीक आहे?' आई म्हणाली, 'आता ठीक. आता म्हणा, उजेड तुझा.' 'म्हणजे?' मग आईनं यांना आमची रीत सांगितली.

साहेब, तुमच्या रोममध्ये ही रीत नसेल. आमच्याकडे कुणी दारात बसून काम करत असेल, मग ती वेणी विणणारी असो, चांभार असो, नाहीतर डाळ निवडणारी असो, तिच्या हातावर आपली सावली पाडायची नाही. पलीकडच्या कडेनं जायचं आणि जाताना म्हणायचं, 'उजेड तुझा.' काम करणाऱ्यानं उत्तर द्यायचं, 'वाट तुझी.' बस, एवढंच. लग्नात, मयतीत, भांडणातसुद्धा चुकत नाही. नान्नीकाका आणि त्यांचे धाकटे बंधू विहिरीवरून नऊ वर्षं बोलत नाहीत, पण एवढं बोलतात. दात ओठ खात बोलतात, पण बोलतात.

सोर ओरेस्ते आमच्याकडेच राहिले, आणि अगदी हरखून गेले. आठवडाभर गावात दुसरं काही ऐकूच येईना. लोहाराला 'उजेड तुझा', पाद्रीबाबांना 'उजेड तुझा', एकदा तर दारात बांधलेल्या बकरीलाही म्हणाले, मी ऐकलंय. फ्लॉरेन्सच्या मित्रांना कळवलं म्हणे, की मी अशा गावात आलोय जिथं लोक एकमेकांना उजेड देतात. केवढं कौतुक! आम्हालाही वाटलं, आपण काहीतरी थोर करतोय इतकी वर्षं.

उत्तर मात्र ते कधी शिकले नाहीत. हे रंग कालवत बसलेले असायचे, आम्ही पलीकडून जात म्हणायचो, 'उजेड तुमचा, सोर ओरेस्ते!' आणि हे मान हलवून हसायचे. गोड हसायचे. आई म्हणायची, पाहुणा माणूस आहे, शिकेल हळूहळू.

आता भाषणात कृतज्ञता हवी. ती माझ्याकडे खरीच आहे, उसनी आणायला नको. माझे वडील हिवतापानं गेले त्या वर्षी आई मला काउंटसाहेबांच्या धुलाईघरात लावणार होती. सोर ओरेस्ते स्वयंपाकघरात टेबलाशी बसून आईशी तीन संध्याकाळी भांडले. 'दियामांते, या मुलीला डोळे आहेत.' आई म्हणाली, 'सगळ्यांनाच असतात.' 'हिला बघता येतं.' 'मग साबण नीट बघेल.' शेवटी आई दमली. मी शिक्षिकांच्या शाळेत गेले ती यांच्यामुळे. आज माझ्या हातात खडू आहे तो यांच्यामुळे. हे मी इथं सगळ्यांसमोर सांगते, आणि पुढे जे बोलणार आहे त्यानं हे पुसलं जात नाही. पुसलं गेलं असतं तर मला किती सोपं झालं असतं.

यांनीच मला सावली बघायला शिकवली. मी शाळेत पाटीवर आमचं घर काढलं होतं आणि सावली काळी केली होती. हे म्हणाले, 'सावली काळी नसते, इझोलिना. दारात जा, नीट बघ.' मी जाऊन आले. 'काळीच आहे.' 'परत जा.' चौथ्यांदा गेले तेव्हा दिसली. जांभळी होती. थोडी निळी, खाली गवताची हिरवी. मी धावत आत आले, तर हे आईला म्हणतात, 'बघ, सांगितलं नव्हतं, हिला डोळे आहेत!' त्या दिवसापासून मला जगात काळी सावली दिसलेली नाही. फेब्रुवारीपर्यंत दिसली नव्हती.

तिरीप नान्नीकाकांच्या बुटांपर्यंत आली. काका, पाय आत घ्या, ऊन लागेल.

आता छत्रीकडे येते. सोर ओरेस्ते याच सभागृहाशेजारी, गावाच्या खालच्या कमरेएवढ्या भिंतीला पाठ करून बसायचे, समोर गायरान, त्याच्या पलीकडे डोंगर. संध्याकाळचं ऊन मागून, समुद्राकडून यायचं. चित्राची तीन पायांची घोडी मांडली, पांढरी छत्री उघडली, की वरून कुणीतरी हाक द्यायचं, 'छत्री उघडली रे!' आणि आम्ही सगळे बाजूला व्हायचो. बायका धुणं गोळा करायच्या. गुराखी गुरं हाकत बांधाच्या पलीकडे न्यायचे. पोरं गप्प बसायची, जी कधीच बसत नाहीत.

कुणी सांगितलं होतं? कुणी नाही! पहिल्या वर्षी यांनी एका शब्दानं सांगितलं नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. माणूस काम करतोय, त्याच्या उजेडात जायचं नाही, एवढंच आम्हाला माहीत होतं. चांभाराच्या हातावर सावली पाडायची नाही, मग यांच्या चित्रावर का पाडायची? चांभार चपलेकडे बघतो. हे गायरानाकडे बघत होते. म्हणून आम्ही आख्खं गायरान त्यांना मोकळं करून दिलं.

दुसऱ्या वर्षापासून हे सांगायला लागले. 'दियामांते, जरा बैल तेवढे.' 'नान्नी, तुझी ती पोरं.' प्रेमानं सांगायचे, नंतर वाईन पाजायचे. आणि साहेब, हे नीट लक्षात घ्या, संध्याकाळी गुरं डोंगराकडून परत येतात. दिवसभरात गायरान सगळ्यात भरलेलं असतं ते त्याच वेळी. शिंगाला शिंग लागतं, पाऊल ठेवायला जागा नसते. नेमक्या त्याच वेळी आम्ही ते रिकामं करत होतो. आपल्या हातानं. वर्षामागून वर्षं. आणि हे काढत होते.

काय सुंदर काढत होते! ते खोटं नाही. माझ्या मागे बघा ना. ते गवत बघा. उन्हात प्रत्येक पातं वेगळं, आणि तरी आख्खं गायरान एकच श्वास घेतल्यासारखं. त्या डोंगराच्या कडेला जे गुलाबी आहे, ते आम्ही रोज बघतो आणि आम्हाला कधी दिसलं नव्हतं. हे चित्र पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघरात उभं केलं तेव्हा आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, 'छान आहे. सगळे गेले कुठे?'

सोर ओरेस्ते खूप हसले होते. आठवतं?

बरं, आता कोंतेस्साबद्दल. काउंटसाहेब, दचकू नका, ती आमची गाय आहे. कोंतेस्सा म्हणजे काउंटची पत्नी खरं, पण नाव माझ्या वडिलांनी ठेवलं, तुमच्या घराण्याचा काही संबंध नाही. ती लहान होती तेव्हाच स्वतःला कुणीतरी समजायची, म्हणून. तिचं डावं शिंग कालवड असतानाच फाटकात अडकून मुळापासून गेलं. उजवं मात्र हे एवढं, बाकदार, वर जाऊन आत वळलेलं. एकशिंगी कोंतेस्सा म्हटलं की खालच्या गावातही ओळखतात.

तर चार वर्षांपूर्वीचा मे महिना. मी सुटीत घरी आले होते. छत्री उघडली, हाक आली, सगळे हलले. कोंतेस्सा हलली नाही. सोर ओरेस्तेंच्या मागे, थोडी डावीकडे, भिंतीपाशी उभी राहिली ती राहिलीच. आई दावं ओढतेय. 'हल गं बये, छत्री उघडलीय.' गाय रवंथ करतेय. 'अगं, साहेबांचा उजेड अडतोय!' गाय शेपटी हलवतेय. मी मागून ढकलतेय, नान्नीकाका कानात शिव्या देतायत. कुठल्या त्या सांगत नाही, सभा आहे.

आणि सोर ओरेस्ते एकदम ओरडले, 'थांबा! हलवू नका तिला!'

आम्ही जागच्या जागी थांबलो.

'ती सावली. ती गवतावरची सावली बघ, इझोलिना! काय रंग आहे! राहू दे, तशीच राहू दे!'

आईनं विचारलं, 'मग काढताय का आमच्या कोंतेस्साला?' तिनं लगेच गायीची पाठ एप्रनच्या टोकानं पुसायलाही घेतली.

हे म्हणाले, 'नाही नाही, गाय नको. सावली हवी.'

त्या उन्हाळ्यात गावात दुसरा विनोद नव्हता. नान्नीकाका दारूच्या दुकानात, 'ग्लास नको, वाईन हवी!' बायकोला, 'तुझी आई नको, तिच्या कोंबड्या हव्या!' आठवतंय ना, काका? आम्ही किती हसलो. आम्हीच हसलो.

पुढे चित्र प्रदर्शनात गेलं. फ्लॉरेन्सच्या वर्तमानपत्रात आलेलं परीक्षण मी आईला वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, चौकटीबाहेर उभ्या असलेल्या एका एकाकी झाडाची सावली पडलीय. धिप्पाड खोड, आणि एकच वाकलेली फांदी. मनुष्य जिथून कायमचा निघून गेलाय अशा भूमीचा मूक साक्षीदार. आई म्हणाली, 'झाड? कोंतेस्साला झाड म्हणाले?' आणि मग जरा वेळानं, 'आणि निघून कोण गेलंय?'

तिला ते तेव्हाच खटकलं होतं. मला खटकलं नाही. मी शिकलेली होते ना, मला वाटलं, किती छान लिहिलंय.

फेब्रुवारीत याच सभागृहात चौकशी झाली. सिन्योर तेरेन्झिओ, तुम्ही आता बसलात तिथंच बसला होतात. प्रश्न सरळ होता. काउंटसाहेबांचं म्हणणं, हे गायरान गाव वापरतच नाही, ओसाड पडलंय, म्हणून ते त्यांच्या जमिनीला जोडून कुंपणात घ्यावं. आमचं म्हणणं, आमची गुरं त्याच्यावर जगतात. ते गेलं तर गुरं गेली, गुरं गेली तर आम्ही कसले राहतोय इथं.

काउंटसाहेबांच्या वकिलांनी नान्नीकाकांना विचारलं, 'तुमच्या गायी किती?'

'तीन.'

'म्हणजे गायरान राहण्यात तुमचा फायदा आहे.'

'फायदा कसला, गायी आहेत म्हणतोय ना!'

'तेच ते.'

एकेक करून सगळ्यांच्या साक्षी अशाच निकालात निघाल्या. ज्याच्याकडे गाय त्याची साक्ष स्वार्थाची, आणि ज्याच्याकडे गाय नाही त्याला गायरानाचं काय माहीत? मग वकिलांनी हे चित्र आणून उभं केलं. निःपक्षपाती साक्षीदार म्हणाले. खरंच की, चित्राकडे कुठे गाय आहे!

आणि सोर ओरेस्तेंना बोलावलं. आम्ही किती खूश झालो होतो तुम्हाला सांगू? आई माझ्या कानात म्हणाली, 'आला आपला माणूस.' तिनं त्या दिवशी सकाळी यांचा सदरा इस्त्री केला होता, की साक्षीला नीट दिसावेत.

वकिलांनी विचारलं, 'हे चित्र आपण जागेवर बसून काढलंत?'

'जागेवर. एक रेघसुद्धा घरी काढली नाही.'

'दृश्यात आपण काही बदल केला? काही घातलं, काही वगळलं?'

मला वाटलं, आता सांगतील. आता म्हणतील, अहो, ती सगळी बांधापलीकडे उभी होती, माझ्यासाठी. एवढं एक वाक्य. यांनी तोंड उघडलं. आमच्याकडे बघतील म्हणून आई जरा पुढे झुकली. यांनी चित्राकडे बघितलं.

'मी काही घालत नाही आणि काही काढत नाही. जे डोळ्यांना दिसतं तेच रंगवतो. माझी सगळी कला एवढीच आहे.'

आणि खाली बसले.

मी जिन्यात यांना गाठलं. विचारलं, 'सोर ओरेस्ते, पुढचं का नाही सांगितलंत?'

'पुढचं काय?'

'की आम्ही बाजूला झालो होतो म्हणून.'

'त्यांनी ते विचारलं नाही, इझोलिना.'

मी पायरीवरून हलले नाही. मग यांनाच राहवलं नाही. म्हणाले, 'तुला कळत नाही. फ्लॉरेन्समधले ते जुन्या वळणाचे चित्रकार टपून बसलेत. बाल्दाच्चीसुद्धा आमच्यासारखाच देखावे मांडतो, माणसं हलवतो, असं एकदा त्यांच्या हाती लागलं की संपलं. मी आयुष्यभर एकाच गोष्टीसाठी भांडलोय. जे आहे तेच काढायचं.'

मी म्हटलं, 'पण आम्ही आहोत.'

यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. अजून ठेवतात, मी एवढी मोठी झाले तरी. आणि खाली उतरून गेले.

त्या दिवशी आईनं यांना जेवायला वाढलं. नेहमीसारखं, कांद्याचं गरम सूप, खाली शिळा पाव, वर अंडं फोडून. मी म्हटलं, 'वाढवतं कसं तुला?' म्हणाली, 'पाहुणा आहे.' दुसऱ्या दिवशी सकाळी ती उंबऱ्यावर वेणी विणत होती. हे पेटी घेऊन निघाले, पलीकडच्या कडेनं गेले, रीत बरोबर पाळली, आणि म्हणाले, 'उजेड तुझा, दियामांते!'

आई विणत राहिली. माझ्या आख्ख्या आयुष्यात तिनं कुणाला उत्तर दिलं नाही असा तो पहिला दिवस.

सोर ओरेस्ते, तुमच्या लक्षातही आलं नाही. तुम्ही शीळ घालत गेलात.

नाही, अध्यक्ष, संपतच आलंय. पाणी नको. तिरीप बघा, मधल्या रांगा ओलांडून व्यासपीठाच्या पायरीपर्यंत आलीय. तुम्हाला मघापासून वाटत असेल, ही बाई आवरत का नाही, बकरीपर्यंतचं सगळं काय सांगत बसलीय. मी उजेडाची वाट बघत होते. हेही मला सत्कारमूर्तींनीच शिकवलं, की ऊन पुरतं कलल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही.

सिन्योर तेरेन्झिओ, तुम्ही आज रात्रीच्या गाडीनं सोर ओरेस्तेंच्या सोबतच निघताय. अहवाल जाऊन लिहिणार. म्हणून तुम्हाला एक विनंती. उठा, आणि या चित्राच्या जवळ या. दिवा घ्या हवा तर. डाव्या कोपऱ्यात बघा. दिसली? धिप्पाड खोड, वाकलेली एक फांदी. आता मला सांगा, आमच्या गावाच्या भिंतीपासून गायरानापर्यंत तुम्ही काल स्वतः चालत गेलात, तुम्हाला झाड कुठे दिसलं? तिथं झाड नाही. कधी नव्हतं. समुद्राचा वारा टिकू देत नाही. कुणालाही विचारा. काउंटसाहेबांना विचारा, तेही इथंच लहानाचे मोठे झाले.

मग सोर ओरेस्ते, ती सावली कुणाची आहे?

आत्ता नका सांगू. तुमचं एक उत्तर मी ऐकलंय, दुसरं ऐकायची मला भीती वाटते. ते या रोमच्या साहेबांना सांगा, गाडीत, रस्ता लांब आहे. नाही सांगितलंत तरी चालेल. आधी मला या झडपा उघडू द्या. उठू नका अध्यक्ष, मी उघडते. पदकाच्या चित्राचे रंग एका संध्याकाळच्या उन्हानं उडत नाहीत.

हं. ही एक. आणि ही दुसरी.

बघा. चित्राच्या दोन्ही बाजूंना. तेच गवत, तोच डोंगर, ते गुलाबीसुद्धा तेच. फक्त आज छत्री उघडलेली नाही, म्हणून कुणी बाजूला झालेलं नाही. अध्यक्ष, तुम्ही विचारत होतात ना, बायका कुठे आहेत? त्या काय. ती निळ्या रुमालाची तुमचीच सून आहे, सोर अत्तिलिओ, दोन बैल घेऊन. काउंटसाहेब, तुमच्या रखवालदारांनी सांगितलं होतं, निकाल येईस्तोवर गुरं आणायची नाहीत. नुसतं सांगितलं होतं, कुणाचा हुकूम दाखवला नव्हता. गुरांना रोज संध्याकाळी भूक लागते, त्यांना निकालाचं कळत नाही.

आणि या खिडकीखाली जरा बाजूला, इमारतीची सावली संपते तिथं, भिंतीपाशी, माझी आई. तिच्या हातात दावं आहे. कोंतेस्सा थकलीय आता, पण चार वर्षांपूर्वी जिथून हलली नव्हती तिथंच आणून उभी केलीय. तिच्याकडे बघू नका, साहेब, गवतावर बघा. तिची सावली कुठवर गेलीय आणि कशी दिसतेय ते बघा, आणि मग इकडे चित्रात बघा.

बस. माझं झालं.

समारंभाला बोलावलंत, बोलू दिलंत, मध्ये एकदाही घंटा वाजवली नाहीत, त्याबद्दल अध्यक्षांची मी आभारी आहे. पाहुण्यांसमोर घरातलं बोलले, त्यात कुठे जीभ घसरली असेल तर मला माफ करा. आईला काही म्हणू नका, तिनं रीत सांभाळायलाच सांगितलं होतं. आणि सोर ओरेस्ते, माझ्या डोळ्यांबद्दल तुमचे आभार मानते. ते तुम्हीच दिलेत. त्यांनी मी आता तुमच्याकडे बघतेय, आणि तुम्ही चित्राकडे बघताय.

आई फार वेळ दावं धरून उभी आहे, मला जायला हवं. मी खुर्च्यांच्या कडेनं जाते, म्हणजे खिडकीतून बघणाऱ्या कुणाच्या मध्ये येणार नाही.

उजेड तुमचा, सोर ओरेस्ते.

याला आमच्याकडे एक उत्तर असतं. बारा वर्षं झाली. मी थांबत नाही.